उरलंसुरलं टेस्टोस्टेरॉन

प्रोस्टेट कर्करोगाच्या रेणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत सगळ्यात बिनकौतुकाचं काम कुठलं, तर सीरममधून हार्मोन काढून टाकणं. पेशींचं खाद्य म्हणून वापरलं जाणारं, गाईच्या गर्भाच्या रक्तातून मिळवलेलं सीरम घ्यायचं, लिटरमागे ५ ते २० ग्रॅम डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळीचा पदार्थ) चढवलेला सक्रिय कोळसा त्यात घालायचा आणि ४ अंश सेल्सिअसला रात्रभर ढवळत ठेवायचं. सकाळी बाटलीत शाई भरल्यासारखी दिसते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये कोळसा तळाला बसवायचा, वरचं सीरम अलगद काढून पुन्हा एकदा फिरवायचं आणि आधी ०.४५, नंतर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. दुसऱ्यांदा फिरवायचा कंटाळा केला, की कोळशाची बारीक पूड फिल्टर बुजवते आणि सीरम अर्ध्यावर अडकून बसतं. हल्ली बहुतेक जण असं सीरम तयार विकत घेतात. तरी प्रत्येक लॉट वेगळा निघतो आणि तो तपासून घेण्यातून सुटका नसतेच.

हा खटाटोप कशासाठी? प्रोस्टेटच्या पेशीला अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्याचे भाऊबंद, मिळाले की काय होतं हे पाहायचं असेल, तर आधी ते नसताना काय होतं हे दिसायला हवं. आणि हे ‘नसताना’ काही सहजासहजी हाती लागत नाही. काचेच्या बाटलीत लागत नाही, रुग्णाच्या शरीरात तर नाहीच. या आजाराच्या संशोधनाचा गेल्या ८० वर्षांचा इतिहास म्हणजे हार्मोन शून्यावर आणलं असं समजायचं आणि ते कुठे उरलं होतं हे नंतर कळायचं, असाच आहे.

सुरुवात शिकागो विद्यापीठातली. चार्ल्स हगिन्स तिथे कुत्र्यांच्या प्रोस्टेटमधून पाझरणाऱ्या द्रावाचा अभ्यास करत होते. कुत्रा निवडण्यामागे कारण होतं: माणसासारखा प्रोस्टेटचा त्रास आपोआप होणारा पाळीव प्राणी म्हटलं तर तोच. वृषणं काढली की ग्रंथी आक्रसते, अँड्रोजेन टोचलं की पुन्हा वाढते, हे त्यांना कुत्र्यात दिसलं. १९४१ मध्ये हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी तेच माणसात दाखवलं. हाडांत कर्करोग पसरलेल्या रुग्णांची वृषणं काढली किंवा त्यांना इस्ट्रोजेन दिलं, की रक्तातलं ॲसिड फॉस्फटेज, म्हणजे या आजाराची खूण असलेलं विकर, उतरतं. उलट अँड्रोजेन टोचलं की चढतं. कर्करोगाची पेशी पूर्णपणे बेलगाम नसते, एखाद्या हार्मोनच्या तालावर चालू शकते, हे तेव्हा नवीन होतं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण आजार उलटायचा. वृषणं नाहीत, तरीही हाडं पुन्हा दुखू लागायची. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अँड्रोजेन येत असणार हा संशय हगिन्स यांना लवकरच आला आणि १९४५ मध्ये त्यांनी त्या ग्रंथी काढून टाकण्याचा प्रयोगही प्रसिद्ध केला. संशय रास्त होता, पण त्या काळी हे रुग्णाला झेपणारं नव्हतं. अधिवृक्क ग्रंथी काढल्या की कॉर्टिसोलही जातं आणि ते भरून काढायची सोय हाताशी नव्हती.

पुढे शस्त्रक्रियेची जागा औषधांनी घेतली. अँड्र्यू शाली आणि रॉजर गिलमन यांच्या गटांनी मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या एका लहानशा पेप्टाइडची रचना शोधली. त्याला आज आपण जीएनआरएच म्हणतो. त्याची बदललेली रूपं सतत देत राहिलं, की पिट्युटरी ग्रंथी थकून गप्प होते आणि वृषणांना येणारा हुकूमच बंद होतो. गंमत अशी की गप्प होण्याआधी ती एकदा जोरात ओरडते. पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. मणक्यात गाठ असलेल्या रुग्णात ही वाढ मज्जारज्जूवर दाब आणू शकते, म्हणून आधीपासून बिकल्युटामाइडसारखं, अँड्रोजेनच्या कामात अडथळा आणणारं औषध जोडीला देतात, किंवा मुळात वाढ न करणारं डेगॅरेलिक्स वापरतात.

आता आकड्याकडे बघू. प्रौढ पुरुषात टेस्टोस्टेरॉन साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. ते ५० च्या खाली आलं की वृषणं काढल्याइतकी पातळी गाठली, असं वर्षानुवर्षं मानलं जातं. आता बरेच तज्ज्ञ २० चा आग्रह धरतात. हा ५० चा आकडा रेणूंच्या भाषेत मांडला तर होतो सुमारे १.७ नॅनोमोलर. त्यातलं बहुतेक रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि मोकळं जेमतेम दोन टक्के, हे खरं. पण बशीतल्या काही पेशी ०.१ नॅनोमोलर कृत्रिम अँड्रोजेनवरही वाढतात. शिवाय इतक्या खालच्या पातळीला नेहमीच्या अँटिबॉडीवर आधारलेल्या चाचण्या डळमळतात. तिथे मास स्पेक्ट्रोमीटरच लागतो. म्हणजे ज्याला आपण शून्य समजत होतो ते आधी नीट मोजलेलंच नव्हतं.

हे हार्मोन ज्याच्यावर काम करतं तो अँड्रोजेन रिसेप्टर. सुमारे ९२० अमिनो आम्लांचं, ११० किलोडाल्टनचं हे प्रथिन. जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणजे पुरुषाच्या पेशीत त्याची एकच प्रत. त्यामुळे तिच्यात झालेला बदल झाकायला दुसरी प्रत नसते. हार्मोन नसेल तेव्हा रिसेप्टर एचएसपी९० सारख्या सोबत्यांना धरून पेशीद्रवात पडून असतो. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं जास्त जोरकस रूप, त्याच्या मागच्या टोकाच्या खोबणीत बसलं, की त्याचा आकार बदलतो, तो केंद्रकात शिरतो आणि जोडीजोडीने डीएनएला धरतो. पीएसए नावाच्या प्रथिनाचं जनुक केएलके३. त्याच्या सुमारे ४ हजार बेस आधी असा एक नियंत्रक भाग आहे आणि रिसेप्टरवरचं अर्धंअधिक संशोधन तिथेच घुटमळतं. रक्तातलं पीएसए मोजतो तेव्हा आपण खरं तर या रिसेप्टरचं काम किती जोरात चाललंय ते मोजत असतो. म्हणून औषधाने पीएसए उतरलं म्हणजे पेशी मेल्याच, असं धरून चालता येत नाही. पेशी जिवंत राहूनही पीएसए बनवणं थांबवते.

ज्या पेशींवर हे सगळं तपासलं जातं त्यांत एलएनकॅपचा मान पहिला. अमेरिकेतल्या बफेलो शहरात १९७७ मध्ये, ५० वर्षांच्या एका रुग्णाच्या मानेजवळच्या लसिकाग्रंथीतून सुईने काढलेल्या ऊतीतून हा वंश सुरू झाला. तिच्यात अँड्रोजेन रिसेप्टर आहे, ती पीएसए बनवते, हार्मोनला प्रतिसाद देते. स्वभावाने मात्र कटकटी. प्लॅस्टिकला धड चिकटत नाही. एकसंध थर न होता घोळक्यांनी वाढते. मीडियम, म्हणजे ज्या पोषक द्रवात ती वाढते तो, लवकर आंबट करते. नव्या फ्लास्कमध्ये टाकल्यावर ४८ तास तिला हलवूसुद्धा नये. पिपेटची धार थेट पेशींवर सोडली तर अख्खा घोळका चादर ओढल्यासारखा निघून येतो आणि मग आपण मोजत बसतो ते औषधाचा परिणाम नव्हे, तर आपल्या हाताचा. पेशी चिकटायला मदत करणारं पॉलीलायसिन लावलेली प्लेट वापरली, द्रव कडेने हळू सोडला, की निम्मा त्रास वाचतो.

हार्मोनचा एक साधा प्रयोग बघू. सहा खणांच्या प्लेटमध्ये दर खणात ३ ते ४ लाख एलएनकॅप पेशी, आरपीएमआय-१६४० मीडियम, १० टक्के साधं सीरम. एक दिवस बसू द्यायच्या. मग फॉस्फेट बफरने दोनदा अलगद धुऊन कोळशाने साफ केलेल्या सीरमचं मीडियम घालायचं आणि ४८ ते ७२ तास उपाशी ठेवायच्या. कमी ठेवल्या तर आधीचं हार्मोन पेशीत रेंगाळतं. फार दिवस ठेवल्या तर पेशी लांब लांब तंतू काढून चेतापेशींसारख्या दिसू लागतात आणि त्यांचा स्वभावच बदलतो.

हे मीडियम फिनॉल रेड नसलेलं हवं. तो लाल रंग आम्लता दाखवण्यासाठी घातलेला असतो, पण त्यातले अशुद्ध घटक इस्ट्रोजेनसारखे वागतात. प्रोस्टेटच्या पेशीत इस्ट्रोजेनची काळजी कशाला, असं वाटेल. तर एलएनकॅपच्या रिसेप्टरमध्ये एक बदल आहे: ८७७ क्रमांकावर थ्रिओनिनच्या जागी ॲलनिन. नव्या क्रमवारीत तो ८७८ होतो, आणि जुने-नवे संशोधन-लेख वाचताना इथे हमखास गोंधळ उडतो. या एका बदलाने खोबण इतकी सैल होते, की इस्ट्रॅडिओल, प्रोजेस्टेरॉनही तिच्यात बसून रिसेप्टर चालू करतात. म्हणून लाल रंग काढायचा. पण तो काढला की मीडियम आंबल्याचं सांगणारा पिवळेपणाही जातो, आणि नेमकी ही पेशी मीडियम झपाट्याने आंबवणारी. तेव्हा रंगाच्या भरवशावर न राहता ठरलेल्या वेळी मीडियम बदलायचं.

मग हार्मोन द्यायचं. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन दिलं तर एलएनकॅप त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून निकामी करते. दुसऱ्या दिवशी खणात नेमकं किती उरलंय याचा भरवसा नसतो. म्हणून आर१८८१ नावाचं कृत्रिम अँड्रोजेन वापरतात, जे पेशीला सहजी मोडता येत नाही. त्याचा साठा शुद्ध इथेनॉलमध्ये, उणे २० अंशांना, अंधारात, कारण प्रकाशाने ते बिघडतं. पातळ करण्याच्या पायऱ्याही इथेनॉलमध्येच कराव्यात. पाण्यात नॅनोमोलरपर्यंत आणलेलं स्टेरॉइड नळीच्या भिंतीला चिकटून बसतं. खणात शेवटी १ नॅनोमोलर आर१८८१ आणि ०.१ टक्क्याहून जास्त इथेनॉल नाही. आणि बाजूच्या ‘काही न दिलेल्या’ खणातही तेवढंच इथेनॉल. भरताना आधी नुसत्या इथेनॉलचे खण, मग हार्मोनचे. उलट क्रमाने गेलं तर टिपच्या टोकावरचा अंशही पुरेसा असतो.

२४ तासांनी आरएनए काढून केएलके३, टीएमपीआरएसएस२, एफकेबीपी५ ही अँड्रोजेनने चालू होणारी जनुकं क्यूपीसीआरने, म्हणजे दर चक्रात प्रती दुप्पट करत मोजणाऱ्या तंत्राने, मोजायची. हार्मोन दिलेल्या आणि न दिलेल्या खणांत ४ चक्रांचा फरक म्हणजे १६ पट. तुलनेसाठी सवयीने जीएपीडीएच हे जनुक घेतलं जातं, ते टाळावं. एलएनकॅपमध्ये ते स्वतःच अँड्रोजेनने हलतं. फरक अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला तर बहुधा वरचा आकडा कमी नसतो, खालचा जास्त असतो. म्हणजे न दिलेल्या खणातही रिसेप्टर चालू आहे. सीरमचा लॉट, धुण्यातला आळस, पुन्हा वापरलेली काचेची बाटली, याच क्रमाने शोध घ्यावा.

आणखी एक. साध्या सीरममधल्या पेशी आणि कोळशाच्या सीरममधल्या पेशी यांची थेट तुलना करून ‘हा हार्मोनचा परिणाम’ म्हणणारे आलेख अजूनही छापले जातात. कोळसा काही टेस्टोस्टेरॉन वेचून घेत नाही. तो थायरॉइडचं हार्मोन, स्निग्ध पदार्थ, चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही ओढतो. दोन्हीकडे कोळशाचंच सीरम आणि एकीकडे हार्मोन परत घातलेलं, एवढीच तुलना मान्य करावी.

तशीच गोष्ट पीसी-३ ची. हाडातल्या गाठीतून आलेली ही पेशी भराभर वाढते, प्लेटला घट्ट चिकटते, कसलाही लाड मागत नाही. म्हणून ‘अमुक अर्क प्रोस्टेट कर्करोगावर गुणकारी’ छापाचं काम बहुतेक तिच्यावर केलेलं असतं. तिच्यात कामाचा अँड्रोजेन रिसेप्टरच नाही. डीयू१४५ या दुसऱ्या वंशातही नाही. रुग्णांतल्या बहुसंख्य गाठी ज्या प्रथिनावर जगतात तेच ज्या पेशीत नाही, तिच्यावरून उपचाराबद्दल काय सांगणार? आणि पेशी तीच आहे ना, हेही तपासायला लागतं. टीएसयू-पीआर१ हा वंश वर्षानुवर्षं प्रोस्टेटचा म्हणून वापरला गेला. डीएनएची ठेवण तपासल्यावर तो मूत्राशयाच्या कर्करोगाचा टी२४ निघाला. २००६ मध्ये प्रोस्टेटच्या गाठींत एक्सएमआरव्ही नावाचा नवा विषाणू सापडल्याचं जाहीर झालं, बरीच खळबळ उडाली. २०११ मध्ये उलगडा झाला: २२आरव्ही१ ही पेशी ज्या मानवी गाठीपासून आली, ती उंदरांत वाढवत असताना उंदरांच्याच दोन विषाणूंच्या तुकड्यांतून तो तयार झाला होता. रुग्णांशी त्याचा संबंध नव्हता. पुढच्या वर्षी तो मूळ शोधनिबंध मागे घेण्यात आला.

एलएनकॅपच्या सैल खोबणीकडे परत येऊ, कारण तिच्यातून रुग्णालयातलं एक कोडं सुटलं. फ्लुटामाइड हे रिसेप्टर अडवणारं औषध बंद केल्यावर काही रुग्णांची तब्येत सुधारते, पीएसए उतरतं, असं १९९० च्या दशकात लक्षात आलं. औषध बंद केल्यावर बरं वाटतं म्हणजे काय? ८७७ चा बदल असलेल्या रिसेप्टरला फ्लुटामाइडपासून शरीरात बनणारा पदार्थ अडवत नाही, चालूच करतो. काही रुग्णांच्या गाठींत हाच बदल सापडला. बिकल्युटामाइडच्या बाबतीत ७४१ क्रमांकावर, एन्झाल्युटामाइडच्या बाबतीत ८७६ वर असेच बदल पुढे हाती आले. गाठीने हार्मोनचा नवा स्रोत शोधला, तो आपणच रोज गोळीतून देत असलेला.

पण बहुतेक गाठी याहून साधा मार्ग धरतात. २००४ मध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने उंदरांत वाढवलेल्या गाठींच्या सात जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीत एक हार्मोनवर अवलंबून, दुसरी तिच्यापासूनच निघालेली पण हार्मोन काढल्यावरही वाढणारी. हजारो जनुकं तपासल्यावर सगळ्या जोड्यांत सातत्याने वाढलेलं जनुक एकच होतं, अँड्रोजेन रिसेप्टरचं. हार्मोन कमी झालं तर ते पकडणारे हात वाढवायचे, इतका सरळ हिशेब. त्या कामातूनच, रिसेप्टर भरपूर असतानाही टिकून अडवणारं औषध हवं, या अटीवर एन्झाल्युटामाइड निवडलं गेलं. २०१२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

दुसरीकडे उरलेल्या हार्मोनचा ठावठिकाणा लागत होता. २००८ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी वृषणांचं काम बंद केलेल्या रुग्णांच्या पसरलेल्या गाठींतलं टेस्टोस्टेरॉन मोजलं. रक्तात नगण्य असलेलं हार्मोन गाठीत मात्र भरपूर होतं, उपचार न घेतलेल्या पुरुषांच्या प्रोस्टेटमधल्या गाठींपेक्षाही जास्त. अधिवृक्क ग्रंथीतून येणारं डीएचईए हा कच्चा माल, आणि कारखाना गाठीतच. त्यावर इलाज म्हणून अँड्रोजेन बनवायला लागणारं सीवायपी१७ए१ हे विकर बंद करणारं ॲबिराटेरॉन २०११ मध्ये आलं. हगिन्स यांना सुरीने जे साधायचं होतं ते गोळीने झालं. हे विकर बंद पडलं की कॉर्टिसोल घटतं, पिट्युटरी जास्त जोर लावते आणि शरीरात मीठ धरून ठेवणारी मिनरलोकॉर्टिकॉइड हार्मोन साचतात. रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात. कॉर्टिसोलची जागा घेणारं प्रेडनिसोन सोबत देतात ते यासाठी. ते विसरून चालत नाही.

हा कारखाना सगळ्यांत सारखा चालत नाही. एचएसडी३बी१ या जनुकात १२४५ क्रमांकाला डीएनएचं ए हे अक्षर जाऊन सी असेल, तर त्यातून बनणारं विकर पेशीत लवकर मोडलं जात नाही आणि डीएचईएचं रूपांतर जोरात चालतं. २०१३ मध्ये हे उघड झालं. एलएनकॅपमध्ये हा बदल आहे, एलएपीसी४ या दुसऱ्या वंशात नाही. तेव्हा या दोन पेशींना तेच डीएचईए देऊन वेगळी उत्तरं आली तर दोष प्रयोगात शोधू नये.

आणि मग ज्याला हार्मोनच नको असा रिसेप्टर. एआर-व्ही७ या रूपात जनुकाचे पहिले तीन भाग वाचले जातात, त्यापुढे एक लपलेला तुकडा जोडला जातो आणि हार्मोन धरणारं टोक येतच नाही. तरी डीएनए धरणारा भाग शाबूत असल्याने तो आपोआप चालू राहतो. एन्झाल्युटामाइड जिथे बसणार ती खोबणच नाही. २०१४ मध्ये रक्तात फिरणाऱ्या कर्करोगपेशींत एआर-व्ही७ सापडलेल्या रुग्णांना एन्झाल्युटामाइड आणि ॲबिराटेरॉन दोन्ही फारसं लागू पडत नाही असं दिसलं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर तो ८० किलोडाल्टनच्या आसपास दिसतो, पण अँटिबॉडी रिसेप्टरच्या पुढच्या टोकाची असेल तरच. मागच्या टोकाची वापरली तर फक्त ११० ची पट्टी दिसते आणि माणूस निर्धास्त राहतो. २२आरव्ही१ पेशीचा नमुना प्रत्येक जेलवर बाजूच्या रकान्यात लावावा. तिच्यात दोन्ही पट्ट्या असतात.

इतकं सगळं हार्मोन काढण्याबद्दल. पण बशीत एक गोष्ट फार पूर्वीपासून दिसत होती. एलएनकॅपला ०.१ नॅनोमोलर आर१८८१ दिलं तर ती वाढते. १० नॅनोमोलर दिलं तर पीएसए भरपूर बनवते, पण वाढ थांबते. आलेख डोंगरासारखा वर जाऊन खाली येतो. जॉन्स हॉपकिन्समध्ये सॅम्युअल डेन्मिड यांच्या गटाने त्यावरून उपचार आखला. वृषणं दाबणारं औषध चालूच ठेवायचं आणि दर २८ दिवसांनी ४०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन सिपिओनेट टोचायचं, म्हणजे पातळी एकदम खूप वर आणि मग हळूहळू पार खाली. उपासमारीला सरावून रिसेप्टर वाढवून बसलेल्या पेशीला हा चढउतार पेलत नाही, ही कल्पना. ॲबिराटेरॉन निष्फळ ठरलेल्या रुग्णांत त्याची एन्झाल्युटामाइडशी तुलना झाली, तेव्हा रोग आटोक्यात राहण्याचा काळ दोन्हीकडे सहा महिन्यांच्या आतबाहेर, जवळपास सारखाच निघाला. मात्र आधी टेस्टोस्टेरॉन घेऊन नंतर एन्झाल्युटामाइडवर गेलेल्यांत ते औषध थेट सुरू केलेल्यांपेक्षा जास्त चांगलं लागू पडलं. हाडं दुखत असलेल्या रुग्णांना हा उपचार देत नाहीत, कारण इंजेक्शननंतर दुखणं वाढू शकतं. आणि सुरुवातीला पीएसए चढलं म्हणून घाईने तो थांबवायचाही नसतो, कारण त्या पातळीला पीएसए बनणं हे रिसेप्टर चालू असल्याचंच लक्षण असतं. गाठ वाढतेय की नाही ते स्कॅनवर बघावं लागतं.